ऑटोबानवर पाच दिवस : फ्रँकफुर्ट ते फ्रँकफुर्ट

शुक्रवार

सकाळी फ्रँकफुर्टला उतरलो, सामान घेतलं आणि थेट गाडीच्या काउंटरवर. पुण्याहून निघतानाच आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलं होतं, ते आणि आपलं लायसन्स दोन्ही बघितलं त्यांनी, आणि चावी हातात. बुकिंग करताना ठराविक मॉडेलची खात्री देत नाहीत, "ह्या प्रकारातली कुठलीही" असं असतं, त्यामुळे पार्किंगमध्ये गडद निळी बीएमडब्ल्यू एम३४०आय उभी दिसली तेव्हा मी खरंच दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. स्टेशन वॅगनवाली बॉडी, मागे दोन मोठ्या बॅगा सहज मावतात, आणि पुढे सहा सिलेंडरचं ३७४ हॉर्सपॉवरचं इंजिन. वर २५० ला कंपनीनेच इलेक्ट्रॉनिक लगाम लावलेला. लहानपणापासून भिंतीवर गाड्यांचे फोटो लावणारा माणूस मी, ही ट्रिप गेली सात-आठ वर्षं डोक्यात होती.

बायकोने आधी चारही टायर बघायला लावले. बरोबरच होतं तिचं. प्रेशर बघितलं, रबर बघितलं, मग निघालो.

एअरपोर्टच्या शेजारीच ए३ आणि ए५ हे दोन ऑटोबान, म्हणजे जर्मनीतले एक्सप्रेसवे, एकमेकांना छेदतात. आम्ही ए५ धरून दक्षिणेला डार्मश्टाटकडे. इथे एका बाजूला चार लेन, आणि मी पहिले वीस मिनिटं दुसऱ्या लेनमध्ये ११०-१२० नेच चालवत होतो कारण स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडे, सगळंच उलटं, हाताला सवय होऊ दे म्हटलं. अगदी उजव्या लेनमध्ये ट्रकांची रांग, त्यांना ८० ची मर्यादा. मग ती पाटी आली, पांढरी गोल, तिच्यावर तिरक्या काळ्या रेघा. म्हणजे आत्तापर्यंतची सगळी बंधनं इथे संपली. आकडा कुठलाच लिहिलेला नाही. तसं १९७८ पासून १३० ची शिफारस आहे, म्हणजे त्याच्या वर गेलात तर दंड नाही, पण अपघात झाला तर चूक समोरच्याची असली तरी थोडी जबाबदारी तुमच्या गळ्यात पडू शकते. हे लोकांना माहीत नसतं, "तिकडे काही लिमिटच नाही" एवढंच ऐकलेलं असतं. आणि जवळजवळ तीस टक्के रस्त्यावर मर्यादा आहेतच, शहराजवळ, पुलांवर, कामं चालू असतील तिथे, रात्री आवाजासाठी सुद्धा.

मी १५० पर्यंत गेलो आणि थांबलो. पहिल्या दिवशी तेवढं पुरे.

हायडेलबर्गच्या खाली वीसलोख म्हणून गाव आहे, तिथे मुद्दाम आत शिरलो. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीन चाकी मोटार घेऊन दोन मुलांसकट मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली, शंभरेक किलोमीटर, आणि वाटेत इंधन संपत आलं म्हणून ह्या गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. तेव्हा ते डाग काढायला वापरायचे. त्यामुळे ते दुकान स्वतःला जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणवतं. नळी तुंबली तर हॅटच्या पिनने साफ केली, ब्रेकचं लाकूड झिजलं तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. कार्ल बेंझने गाडी बनवली खरी, पण ती लांब पल्ला मारू शकते हे हिने दाखवलं. दुकानासमोर उभं राहून मला भरून आलं, कारण आपण ज्याला रोड ट्रिप म्हणतो त्यातली पहिली ही.

पुढे रस्त्याकडेला मे महिन्याचे श्पार्गेलचे स्टॉल, पांढऱ्या शतावरीच्या जुड्या आणि स्ट्रॉबेरी. बायकोने दोन्ही घेतलं. संध्याकाळी स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला माझ्या आतेभावाकडे मुक्काम. दादा पंधरा वर्षं इथे आहे, गाड्यांच्याच कंपनीत. ह्या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत, वहिनीने पिठलं-भात केला होता, प्रवासानंतर त्याच्यापेक्षा चांगलं काही असूच शकत नाही.

शनिवार

आज गाडी फक्त म्युझियमपर्यंत. मर्सिडीजचं म्युझियम उंटरट्युर्कहाइमच्या कारखान्याजवळ आहे, लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि गोल गोल उतरत खाली यायचं. वर १८८६ ची पेटंट मोटार, खाली येता येता रेसिंगच्या चंदेरी गाड्या. सगळं सांगत बसत नाही, चार तास कमी पडले. पण एका गाडीपाशी मी अर्धा तास होतो.

डब्ल्यू१२५ ह्या मर्सिडीजच्या रेसिंग मॉडेलची, विक्रमासाठी बनवलेली गाडी. सगळी बंद, चाकंसुद्धा पत्र्याखाली झाकलेली, पाण्याच्या थेंबासारखी, नाकाला फक्त दोन छोट्या भोकांएवढी हवा. रेडिएटरला हवा घेतली तर अडथळा होतो म्हणून त्यांनी पुढे बर्फाची पेटी बसवली होती, इंजिन बर्फाने थंड ठेवायचं. बारा सिलेंडरचं व्ही१२ इंजिन, सातशेच्या वर हॉर्सपॉवर. २८ जानेवारी १९३८ ला सकाळी मर्सिडीजचा रेसिंग ड्रायव्हर रुडॉल्फ काराच्चोलाने ही गाडी ४३२.७ च्या स्पीडने पळवली, आणि कुठे, तर मी काल ज्या रस्त्यावर ११० ने हात बसवत होतो त्याच फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट ऑटोबानवर. सार्वजनिक रस्त्यावरचा हा विक्रम २०१७ पर्यंत कोणी मोडला नाही.

दादा म्हणाला, "आणि त्याच दिवशी थोड्या वेळाने बेर्न्ड रोझमायर गेला, माहितीये ना?" मला नाव माहीत होतं, गोष्ट पूर्ण नव्हती. मर्सिडीजच्या स्पर्धक ऑटो युनियन कंपनीचा ड्रायव्हर, २८ वर्षांचा, हा विक्रम लगेच मोडायला त्याच रस्त्यावर उतरला. बाजूला जंगल, जंगलात एक मोकळी फट, तिथून आडवा वारा आला असं म्हणतात, गाडी फेकली गेली. बायको एली बाइनहॉर्न, स्वतः नावाजलेली वैमानिक. मुलगा अडीच महिन्यांचा.

रात्री जेवणानंतर दादाने माझी शिकवणी घेतली, अगदी वही-पेन घेऊन. तो म्हणाला, "स्पीड मारायला अक्कल लागत नाही, गाडी मारते. तू थांबायचं कसं ते शीक." इथल्या ड्रायव्हिंग स्कूलचा हिशोब आहे: स्पीडला दहाने भागा आणि तिनाने गुणा, हे विचार करण्यात जाणारे मीटर. स्पीडला दहाने भागा आणि त्याचा वर्ग करा, हे ब्रेकचे मीटर. १०० ला तीस अधिक शंभर, १३० मीटर. २०० ला साठ अधिक चारशे, ४६० मीटर. स्पीड दुप्पट आणि अंतर साडेतीनपट. पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला तर ब्रेकचे मीटर निम्मे धरायचे, तरी अडीचशेच्या वर.

आणि पुढच्या गाडीपासून अंतर स्पीडच्या आकड्याच्या निम्मे मीटर, म्हणजे २०० ला १०० मीटर. ते मोजायचं कसं? रस्त्याकडेला पांढरे खांब असतात, दर ५० मीटरला एक. "दोन खांब मधे पाहिजेत. खांब मोजायची सवय लाव, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नकोस, त्या स्पीडला डोळे फसवतात." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

रविवार

ह्याच दिवसासाठी आलो होतो. रविवार मुद्दाम निवडला कारण साडेसात टनांच्या वरच्या ट्रकांना रविवारी रात्री दहापर्यंत बंदी असते, म्हणजे उजवी लेन बऱ्यापैकी रिकामी आणि गाड्यांना डावीकडे यायचं कारण कमी. सकाळी सातला निघालो. दादा माझ्या शेजारी, बायको आणि वहिनी मागे. ए८१, स्टुटगार्टहून दक्षिणेला झिंगेनकडे. सुरुवातीला रस्त्याची कामं, मर्यादा, बोगदा. हेरेनबेर्गच्या पुढे मोकळं व्हायला लागलं, दोन-दोन लेन, लांब वळणं, दोन्ही बाजूला कोवळी हिरवी झाडं आणि मोहरीसारखी पिवळी शेतं.

पाटी आली. दादा म्हणाला, "आरसा." मी बघितलं. "परत बघ." परत बघितलं. "आता."

१६० ला काही वाटत नाही, आपल्याकडच्या १०० सारखं वाटतं. १८० ला वाऱ्याचा आवाज इंजिनच्या आवाजावर चढतो. २०० च्या पुढे मात्र सगळं बदललं, हे मला नीट सांगता येईल का माहीत नाही पण प्रयत्न करतो. स्टिअरिंग जड आणि घट्ट होतं, जे वळण लांबून सरळ वाटत होतं ते खरोखरचं वळण होतं, मधल्या तुटक रेघा एकमेकींना चिकटायला लागतात, आणि नजर आपोआप लांब लांब जाते, तुम्ही बॉनेटसमोरचा रस्ता बघतच नाही, अर्धा किलोमीटर पुढचा बघता. २०० म्हणजे सेकंदाला ५५ मीटर. मी "हं" म्हणेपर्यंत एक खांब मागे. लांब एक ठिपका दिसतो, आणि तो ठिपका बघता बघता गाडी होतो, कारण तो १२० ने चाललाय आणि तुम्ही २२० ने, म्हणजे तुमच्यासाठी तो जवळजवळ उभाच आहे.

मीटरवर २३२ बघितलं. मागे बायकोच्या फोनवर जीपीएसने २२५ दाखवलं. गाडीत कोणी बोलत नव्हतं. मला भीती वाटत नव्हती, आनंद होता, पण असा आनंद की त्यात दुसऱ्या कशाला जागाच नाही, ऑफिस नाही, घराचे हप्ते नाहीत, फक्त रस्ता. साधारण चार मिनिटं. मग लांब एक पांढरी कॅम्पर व्हॅन उजव्या लेनमध्ये आणि तिच्या मागे एक छोटी लाल गाडी, आणि लाल गाडीची पुढची चाकं डावीकडे वळलेली मला दिसली, इंडिकेटर नंतर लागला. "सोड," दादा म्हणाला, पण माझा पाय आधीच उठला होता. ब्रेक दाबला, गाडीने नाक खाली घातलं, सीटबेल्ट छातीवर आवळला, आणि २२० चे १२० झाले. लाल गाडी शांतपणे व्हॅनला ओलांडून उजवीकडे गेली. तिची चूकही फार नव्हती, तिने आरशात बघितलं असेल तेव्हा मी एवढासा असेन. ब्रेकचा जळका वास आत आला. पुढचे दहा किलोमीटर मी १३० ने चालवली आणि दादा एक शब्द बोलला नाही, नुसता बाहेर बघत होता.

उलटंही झालं. मी १७० ने एका गाडीला ओलांडायला डावीकडे आलो, आरशात बघून आलो होतो, रस्ता रिकामा होता, आणि ओलांडून होईपर्यंत मागे एक पोर्शे आलेली. तिने दिवे मारले नाहीत, चिकटली नाही, अंतर ठेवून थांबली. मी उजवीकडे झालो, ती निघून गेली, आणि मिनिटभरात दिसेनाशी. इथे उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे, आणि काम झालं की उजवीकडे परतायचंच. ही एक गोष्ट सगळे पाळतात म्हणून डाव्या लेनवर एवढा विश्वास टाकता येतो. त्या लाल गाडीनंतर मला कळलं की विश्वास टाकायचा, पण पाय ब्रेकजवळ ठेवूनच.

होर्बजवळ वाइटिंगेनचा पूल आहे, नेकार नदीचं खोरं ओलांडतो, खालून १२७ मीटर उंच आणि ९०० मीटर लांब. पुलाच्या तोंडाला लाल-पांढरी वाऱ्याची पिशवी, ती जवळजवळ आडवी झाली होती. झाडांची भिंत संपली, पूल सुरू झाला आणि गाडी एक हातभर उजवीकडे सरकली. मी तेव्हा १४० च्या आसपास होतो, पिशवी बघून आधीच हळू केली होती. एक हातभरच. पण माझ्या हातांना घाम आला, कारण काल म्युझियममध्ये ऐकलेली जंगलातली फट त्या क्षणी हातात कळली. दीड टनाच्या वर वजनाची आजची गाडी, एवढे सेन्सर, आणि वारा तिला असा ढकलतो. रोझमायरकडे काय होतं? अरुंद टायर आणि ४३० चा वेग.

झिंगेनला होहेनट्वील, जुन्या ज्वालामुखीच्या सुळक्यावर किल्ल्याचे अवशेष. चढून गेलो, वरून बोडनझे सरोवर आणि लांब आल्प्स. आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला असा किल्ला बघून घरी आल्यासारखं वाटतं. दुपारी सरोवराकाठी जेवण, परत येताना मी जास्तीत जास्त १८० गेलो. अर्धा तास जोरात चालवलं की डोळे इतके दमतात की कडा दिसेनाश्या होतात, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. पेट्रोलचं म्हणाल तर १३० ला शंभर किलोमीटरला आठ लिटर दाखवणारी गाडी त्या जोराच्या पट्ट्यात सोळाच्या वर गेली. आणि ऑटोबानवर पेट्रोल संपून थांबलात तर त्याचाही दंड आहे, कारण ते टाळता येण्यासारखं होतं.

सोमवार

दादा-वहिनीचा निरोप घेऊन ए८ ने म्युनिककडे. सोमवार म्हणजे ट्रक परत आले. दोन ट्रक, एक ८६ ने आणि एक ८८ ने, एकमेकांना ओलांडतायत आणि मागे सगळे अडकलेत, ह्याला इथे हत्तींची शर्यत म्हणतात. स्पीडचा प्रश्नच नाही. उल्मच्या आधी श्वेबिश आल्बचा चढ आहे, जायचा आणि यायचा रस्ता डोंगराच्या वेगवेगळ्या अंगाने नेलाय, ड्राकेनश्टाइनचा चढ अरुंद, जुना, १९३० च्या दशकातला, कडेला दगडी काम. चढताना मला सारखा बोर घाट आठवत होता, ट्रक तसेच धापा टाकत होते.

म्युनिकमध्ये फक्त जेवलो. संध्याकाळी ए९५, गार्मिशकडे, साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता, बराचसा मर्यादेशिवाय, आणि समोर आल्प्स वाढत जातात. सगळे म्हणतात इथे पळव. उन्हं तिरपी झाली होती, डोंगरांवर वरच्या बाजूला बर्फ होता, मी १४० वर ठेवली आणि बायकोला म्हटलं तू फोटो काढ. तिने विचारलं, "पळवत नाहीस?" म्हटलं डोंगर बघायचेत. एकदा मात्र सरळ मोकळा पट्टा बघून तिनेच म्हटलं, "आता जा." २१० पर्यंत गेलो आणि ती हसली, पाच दिवसांत तिला सगळ्यात आवडलेला क्षण हाच, असं तिने नंतर आईला फोनवर सांगितलं.

मंगळवार

रात्रीची फ्लाइट, हातात पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर. ए९ ने न्युर्नबेर्गकडे, वाटेत हालरटाऊ, बिअरच्या हॉप्सची शेतं, उंच खांब आणि त्यावर तारा, वेल नुकते चढायला लागलेले. ह्या रस्त्यावर डोक्यावर इलेक्ट्रॉनिक पाट्या, गर्दी वाढली की १२०, मोकळं झालं की अंधाऱ्या. अंधारी पाटी म्हणजे मोकळीक.

ए३ वर वुर्त्सबुर्गच्या अलीकडे पुढच्या गाड्यांचे चारही इंडिकेटर लुकलुकायला लागले. मीही लावले. ट्रॅफिक हळू होत होत थांबायच्या आतच, थांबल्यावर नाही, सगळ्यात डावीकडची रांग अजून डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकल्या आणि मधे एक गल्ली तयार झाली. ॲम्ब्युलन्स अजून दिसत नव्हती, आवाजही नव्हता. कोणी हॉर्न नाही, कोणी खाली उतरून हात दाखवला नाही. पाच मिनिटांनी मागून सायरन आला आणि ॲम्ब्युलन्स, मग पोलीस, मग अग्निशमनची मोठी गाडी, त्या गल्लीतून आमच्या आरशापासून हातभर अंतराने निघून गेल्या. ही गल्ली केली नाही तर २०० युरोपासून दंड आहे, ते खरं, पण माझ्या पुढच्या गाडीतल्या म्हातारबाबांनी गवताच्या कडेला चाक घातलं ते दंडाच्या भीतीने घातलं असं मला वाटलं नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर घाटात अडकलेली ॲम्ब्युलन्स मी बघितलीये, बारा वर्षं झाली, तिचा सायरन अजून कानात आहे. त्या दिवशी आम्ही सगळे गाडीत बसून होतो, सरकलो असतो तर जागा होती. २०० च्या स्पीडचं कौतुक मी जन्मभर सांगेन, पण ही गल्ली मला आपल्याकडे घेऊन यायचीये.

पन्नास मिनिटं गेली. उजव्या कडेला एक गाडी उलटलेली, टायर वर. त्यानंतर मी १३० च्या वर गेलो नाही.

फ्रँकफुर्टला पोचलो तेव्हा दीड तास हातात होता. बायकोला विचारलं, ती म्हणाली चल. ए५ ने दक्षिणेला गेलो, पुढे उतरून वळलो आणि परत उत्तरेकडे निघालो, कारण बोर्नब्रुखचं पार्किंग त्याच बाजूला आहे. साधं ट्रक थांबायचं पार्किंग, लाकडी बाकं, कचऱ्याचे डबे. तिथून झाडांत थोडं आत चालत गेलं की रोझमायरचं स्मारक. छोटंसं. कोणीतरी ठेवलेली फुलं होती, ताजी नव्हती पण फार जुनीही नाहीत. ८० च्या वर वर्षं झाली आणि कोणीतरी अजून फुलं आणून ठेवतंय.

बायकोने पाण्याच्या बाटलीतून थोडं पाणी फुलांवर घातलं. झाडांच्या पलीकडून ए५ चा आवाज येत होता, एकसारखा, मधेच एखादी गाडी जोरात गेली की तो चढायचा आणि उतरायचा. वर शेंडे हलत होते, खाली आमच्यापाशी वारा अजिबात नव्हता.

गाडीत बसलो. आरसा बघितला, परत बघितला, एका पोलिश ट्रकच्या मागे उजव्या लेनमध्ये शिरलो आणि एअरपोर्टच्या एक्झिटपर्यंत त्याच्याच मागे, दोन खांब अंतर ठेवून, आलो.